कुर्ल्याची डॉज आणि वालचंदांचे स्वप्न

विरार पूर्वेला, पापडखिंड धरणाच्या पायथ्याशी वसलेल्या फुलपाड्यात आज इमारतींच्या आवारात मोटारी उभ्या करायला जागा पुरत नाही. याच वस्तीतील ज्येष्ठ नागरिकांपैकी ज्यांचे बालपण मुंबईत गेले, त्यांच्या स्मरणात मात्र मोटार म्हणजे एक दुर्मीळ वस्तू आहे. लांबरुंद बॉनेटची, क्रोमच्या पट्ट्यांनी चमकणारी डॉज, प्लिमथ किंवा डिसोटो रस्त्याने गेली की मुले खेळ थांबवून पाहत राहत. या अमेरिकन मोटारींचे चाहते आजही कमी नाहीत. परंतु त्यांतील अनेक गाड्यांची जुळणी कुर्ल्यात झाली होती आणि त्यामागे सोलापूरच्या एका उद्योजकाची जिद्द होती, याची जाणीव फार थोड्यांना आहे. ते उद्योजक म्हणजे शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे, मूळच्या गुजराती जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडिलोपार्जित सावकारी आणि कापसाच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील नोकरी सोडून आलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांनी अंगावर घेतली. १९१९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी या कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला दिलेले ते आव्हान होते. ५ एप्रिल हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

समुद्रावर जे केले तेच रस्त्यावर करावे, ही त्यांची पुढची आकांक्षा. त्या काळी भारतात मोटारी विकल्या जात आणि परदेशी कंपन्या येथे त्यांची जुळणीही करीत. पण भारतीय मालकीचा मोटार कारखाना नव्हता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तशी योजना मांडली होती आणि वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाची त्यांना सहानुभूती होती. मात्र १९३९ मध्ये ते मंत्रिमंडळ पायउतार झाले. वालचंद त्याच वर्षी अमेरिकेला गेले. फोर्डबरोबर बोलणी फळाला आली नाहीत, तेव्हा त्यांनी क्रायस्लर कंपनीशी संधान बांधले. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ही तिन्ही नावे याच कंपनीची. परतीच्या विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी गाठ पडली आणि त्यातून १९४० मध्ये बंगळूरच्या विमान कारखान्याचा पाया घातला गेला. मोटारीसाठी निघालेल्या माणसाच्या हाती आधी विमान लागले!

मोटारीच्या कारखान्याला मात्र युद्धकाळात ब्रिटिश सरकारचे साहाय्य मिळाले नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीस कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट या भावंडांसारख्या दिसणाऱ्या गाड्या पन्नासच्या दशकात येथील श्रीमंतांच्या दारी आणि टॅक्सीच्या रांगेतही दिसत. सुरुवातीला सुटे भाग परदेशातून येत. संपूर्ण भारतीय मोटार हे स्वप्न तेव्हा अपुरेच होते, हेही मान्य करावे लागेल.

याच सुमारास कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या मोटारींचे मडगार्ड उतरवून, इंजिनाची ताकद वाढवून कोरड्या सरोवरांच्या सपाट पात्रांवर शर्यती लावीत होते. त्या गाड्यांना 'हॉट रॉड' हे नाव पडले. तेथे जुनी मोटार स्वस्तात मिळे, म्हणून तिची मोडतोड परवडत असे. आपल्याकडे स्थिती नेमकी उलट होती. पेट्रोल महाग, आयात जवळपास बंद आणि सुटे भाग दुर्मीळ. म्हणून येथील मिस्त्रींनी त्याच अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिने बसवली, ती वेगासाठी नव्हे, तर गाडी चालती राहावी म्हणून. अमेरिकेतील शौकिनाचे कौशल्य वेग वाढवण्यात होते, तर येथील कारागिराचे कौशल्य गाडीचे आयुष्य वाढवण्यात होते.

कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचा निर्माता थकला होता. आजारपणामुळे १९५० मध्ये वालचंदांनी कारभारातून निवृत्ती घेतली आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी प्रीमियरने फियाट ११०० ची जुळणी सुरू केली. तिचीच पुढे 'पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून घराघरांत पोहोचली. ती यशोगाथा वालचंदांना पाहता आली नाही. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

वालचंदनगर आणि सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे त्यांचे नाव टिकून आहे. परंतु एखाद्या प्रदर्शनात झळाळणाऱ्या डॉजभोवती शौकिनांची गर्दी जमते, तेव्हा तेथे डेट्रॉईटचे गुणगान होते. कुर्ल्याचे आणि सोलापूरच्या त्या जिद्दी माणसाचे नावही त्या गर्दीत कोणी तरी घ्यायला हवे.