जेन्नर आणि खोकणारी पिल्ले

एडवर्ड जेन्नर (१७४९-१८२३) आपल्याला माहीत आहेत ते देवीच्या लशीमुळे. ती १८०२ मध्ये मुंबईत आली. पण याच इंग्रज डॉक्टरांनी १८०९ मध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपरवर निबंध वाचला होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

बर्कले गावाभोवतीच्या शिकारी कुत्र्यांत त्यांनी हा रोग जवळून पाहिला. नाक-डोळ्यांतून घट्ट स्राव, खोकला, धाप, पुढे झटके. झटके दिसले की लोक कुत्रे पिसाळले समजत (आजही समजतात!). जेन्नर यांनी दोन्ही आजारांतला फरक सांगितला. डिस्टेंपर देवी-गोवरासारखाच झपाट्याने पसरतो, हेही ओळखले. देवीची लस कुत्र्यांनाही वाचवेल ही त्यांची आशा मात्र फोल ठरली. हा विषाणूजन्य रोग असल्याचे फ्रान्सच्या आंरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखवले आणि कुत्र्यांची लस त्यानंतरच आली.

विषाणूवर थेट औषध आजही नाही. प्रतिजैविके देतात ती सोबतच्या जंतुसंसर्गासाठी. म्हणून निगडीत घरी आणलेल्या पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून लस सुरू करावी. ताप, घट्ट शेंबूड किंवा धाप असेल, खाणे सुटले असेल, तर माणसांचे खोकल्याचे औषध न पाजता त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.