परळच्या प्रयोगशाळेत सापडलं गरोदर मातांच्या पांडुरोगाचं औषध, डॉ. ल्युसी विल्स यांची जीवनकथा

गावात कुणी गरोदर राहिलं की आशाताई फॉलिक ॲसिडची गोळी हातात देतात. छोटीशी गोळी, पण तिची गोष्ट आपल्या मुंबईतून सुरू होते, हे फार थोड्यांना माहीत आहे. ही गोष्ट आहे डॉ. ल्युसी विल्स यांची.

ल्युसी यांचा जन्म १८८८ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. मुलींनी फार शिकू नये असं मानणारा तो काळ. तरी त्यांनी केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तिथं त्यांनी रुग्णसेवा केली. पुढे लंडनला परतून वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि १९२० साली त्या डॉक्टर झाल्या. मात्र दवाखाना थाटण्यापेक्षा त्यांनी प्रयोगशाळेची वाट धरली.

मुंबईच्या गिरणी वस्तीत

१९२८ साली त्या मुंबईत आल्या. भारतात बरीच वर्षं काम केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी त्यांना बोलावलं होतं. त्या वेळी मुंबईत गरोदर बायांना एक जीवघेणा पांडुरोग होत होता. अंग फिकं पडायचं, दम लागायचं आणि कित्येक जणी बाळंतपणातच दगावायच्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायांत हा आजार जास्त होता.

परळच्या हाफकिन संस्थेत ल्युसी यांनी काम सुरू केलं. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत होत्या. म्हणजे हा नुसत्या लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग नव्हता. जंतूंमुळे होतोय का, हेही पाहिलं. तसा पुरावा मिळाला नाही. मग त्यांनी या बाया काय खातात, कशा राहतात याची चौकशी केली. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळं, दूध फारसं नव्हतं, त्याच जास्त आजारी पडत होत्या. खोट रक्तात दिसत होती, मूळ मात्र ताटात होतं.

स्वस्तातला इलाज

माकडांना तसाच निकस आहार दिला, तर त्यांनाही पांडुरोग झाला. मग त्यांना मार्माईट दिलं. मार्माईट म्हणजे बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टपासून केलेला दाट, काळपट अर्क. माकडं सुधारली. आजारी बायांना तेच दिलं, त्याही झपाट्याने बऱ्या झाल्या. १९३१ साली ल्युसी यांनी हे जगापुढे मांडलं. दुसऱ्या एका पांडुरोगावर चालणारा शुद्ध केलेला यकृताचा अर्क इथं कामी आला नव्हता. म्हणजे यीस्टमध्ये वेगळंच काहीतरी होतं. त्या अनोळखी घटकाला पुढे विल्स फॅक्टर हे नाव पडलं.

हा घटक नेमका काय, हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून तो वेगळा काढला. पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात, म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. तो कारखान्यात तयार करण्यातही एका भारतीयाचा वाटा आहे. आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने १९४५ च्या सुमारास अमेरिकेत हे काम केलं.

ल्युसी यांनी लग्न केलं नाही. डोंगर चढणं आणि सायकल चालवणं त्यांना आवडायचं. निवृत्तीनंतरही पोषणाचा अभ्यास सुरूच होता. १९६४ साली त्यांचं निधन झालं.

गोळी आधी, दिवस नंतर

त्यांच्या शोधाचा दुसरा मोठा फायदा मात्र त्यांना बघायला मिळाला नाही. १९९१ साली सात देशांत झालेल्या अभ्यासाचा निकाल आला. आधीचं मूल मेंदू-मणक्याचा जन्मजात दोष घेऊन जन्मलं होतं, अशा बायांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तेव्हा पुन्हा तसा दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

यात खरी मेख वेळेची आहे. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतो, ती गर्भ राहिल्यावर चार आठवड्यांत बंद होते. पाळी चुकून तपासणीला जाईपर्यंत हे काम बहुधा उरकलेलं असतं. म्हणून मूल हवं असं ठरवलं की तेव्हाच, निदान महिनाभर आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची आणि पहिले तीन महिने चालू ठेवायची. आधीच्या बाळाला असा दोष असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर मात्रा डॉक्टरच ठरवतील.

पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग, शेंगदाणे यांतही फोलेट असतं. भाजी फार शिजवली किंवा उकळून पाणी फेकून दिलं की ते कमी होतं. रोजच्या ताटात हे असावंच, पण मूल हवं असताना गोळीही लागते.

घरात सून किंवा लेक पाळण्याचा विचार करत असेल, तर दिवस जाण्याची वाट न बघता आशाताईंना किंवा उपकेंद्रात आजच विचारा.