पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (जन्म : धारवाड, १९ मार्च १८७६, मृत्यू : मुंबई, ४ जुलै १९५५) हे भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील डावखुरे फिरकी गोलंदाज होते. त्यांचे पूर्ण नाव बाळू बाबाजी पालवणकर. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून येऊन क्रिकेटमध्ये देशभर कीर्ती मिळवणारे ते पहिले खेळाडू मानले जातात. मुंबईच्या तिरंगी व चौरंगी स्पर्धांत ते हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळवले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही.

बालपण

बाळू यांचा जन्म चर्मकार कुटुंबात झाला. कोकणातील पालवण या गावावरून कुटुंबाला पालवणकर हे आडनाव मिळाले. वडील लष्करी खात्यात नोकरीस असल्याने कुटुंब पुण्यास आले. शिवराम, गणपत व विठ्ठल हे बाळू यांचे धाकटे भाऊ. पुढे तेही नामवंत क्रिकेटपटू झाले. पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व शिवराम क्रिकेट खेळू लागले.

पुण्यातील उमेदवारी

घरच्या गरिबीमुळे बाळू यांना लवकर शाळा सोडावी लागली. पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबमध्ये मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरवणे हे त्यांचे पहिले काम होते. त्याबद्दल त्यांना दरमहा ३ रुपये मिळत. सभासदांना सरावासाठी अधूनमधून चेंडू टाकण्याची संधीही तेथे मिळे. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये दरमहा ४ रुपयांवर नोकरीस लागले. जाळी बांधणे, रेषा आखणे ही कामे आटोपल्यावर ते साहेबांना सराव देत.

या क्लबचे जॉन ग्लेनी ग्रेग हे त्या काळातील एक उत्तम फलंदाज होते व इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून खेळले होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळू यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करीत. आपल्याला बाद केल्यास ते दर वेळी ८ आणे देत, असे सांगितले जाते. अशा रीतीने बाळू यांनी हजारो चेंडू टाकले, मात्र फलंदाजीचा सराव त्यांना करू दिला जात नसे. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी तेव्हाची समजूत होती. याच कामातून त्यांचा हात तयार झाला. चेंडूला उंची देणे, टप्पा बदलणे, वेग कमीअधिक करणे आणि चेंडू दोन्ही बाजूंना वळवणे ही त्यांच्या गोलंदाजीची वैशिष्ट्ये होती.

हिंदू संघात प्रवेश

पूना क्लबच्या युरोपियनांना हरवण्याची पुण्यातील हिंदू संघाची इच्छा होती. बाळू यांना संघात घ्यावे की नाही, यावरून सभासदांत मतभेद झाले. अखेर सामना जिंकण्याच्या गरजेपुढे विरोध मागे पडला. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्यासह एकाच चेंडूला हात लावत, पण चहाच्या वेळी बाळू यांना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या पात्रात चहा दिला जाई. जेवणाचे ताट व जागाही वेगळी असे.

बाळू यांच्या गोलंदाजीवर हिंदू संघाने पूना क्लबच्या युरोपियनांना हरवले. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्ध फिरकीची धार बोथट करण्यासाठी खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवण्यात आला होता. बाळू यांनी तेथेही ७ गडी बाद केले आणि सामना जिंकून दिला. या विजयानंतरच्या समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. ज्याच्याबरोबर खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत नसावी, असे मतही त्यांनी मांडले. त्यानंतर संघातील सहभोजनाची बंधने काहीशी सैल झाली.

मुंबईतील स्पर्धा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईस आले. तेथे ते रेल्वेत नोकरीस लागले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. मुंबईत संघ धर्मावर आधारलेले होते. युरोपियन व पारशी यांच्यातील सामन्यांना प्रतिष्ठा होती. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू व युरोपियन संघांत सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. पहिल्या डावात १९१ धावा करणाऱ्या युरोपियनांचा दुसरा डाव १०२ धावांत आटोपला आणि हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळवला. या सामन्यात बाळू यांनी ८ बळी घेतले. स्वदेशीच्या चळवळीमुळे वातावरण तापलेले असल्याने या विजयाला खेळापलीकडचे महत्त्व आले. प्रथम श्रेणीतील हे पदार्पण झाले तेव्हा बाळू यांचे वय २९ वर्षांचे होते. १९०७ मध्ये पारशी, युरोपियन व हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली.

१९११ चा इंग्लंड दौरा

पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने प्रथम श्रेणीचे १४ सामने खेळले. त्यांतील २ जिंकले, १० गमावले आणि २ अनिर्णित राहिले. हे दोन विजय लेस्टरशायर व सॉमरसेट या संघांविरुद्ध होते. पराभवांच्या या मालिकेतही बाळू यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. त्यांतील ७५ प्रथम श्रेणीतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत ८ बळी ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तेव्हा महाविद्यालयात शिकत असलेले भीमराव आंबेडकर यांचा या सत्कारात सहभाग होता, असे सांगितले जाते.

कर्णधारपदाचा वाद

संघातील सर्वांत यशस्वी व अनुभवी खेळाडू असूनही निवड समितीने बाळू यांना कर्णधार केले नाही. बळी मिळवण्यासाठी त्यांची गरज होती, पण सवर्ण खेळाडूंनी त्यांच्या आज्ञेत खेळणे अनेकांना मान्य नव्हते. १९२० मध्ये त्यांना संघातूनच वगळण्यात आले. निषेध म्हणून शिवराम व विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. वृत्तपत्रांतून टीका झाल्यावर अंतिम सामन्यासाठी तिघेही परतले आणि बाळू यांना उपकर्णधार करण्यात आले. कर्णधार पै काही काळ मैदानाबाहेर गेल्याने त्यांना तेवढ्यापुरते संघाचे नेतृत्व करता आले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले व त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने स्पर्धा जिंकली. बाळू यांना नाकारलेला मान त्यांच्या भावाला मिळाला.

बाळू यांनी प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले.

राजकीय जीवन

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांची भूमिका डॉ. आंबेडकर यांच्यापेक्षा वेगळी होती. १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत ते होते. १९३३ मध्ये मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे केले. आंबेडकर यांना १३,२४५ व बाळू यांना ११,२२५ मते मिळाली. ज्यांच्या तरुणपणी बाळू दलित समाजाचे आदर्श होते, त्यांच्याकडूनच ते पराभूत झाले.

वारसा

बाळू निवृत्त झाले तेव्हा भारताच्या पहिल्या कसोटीला (१९३२) बराच अवकाश होता, त्यामुळे कसोटी क्रिकेटच्या नोंदींत त्यांचे नाव नाही. विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठी आत्मचरित्र पालवणकर बंधूंच्या माहितीचे महत्त्वाचे साधन आहे. रामचंद्र गुहा यांच्या २००२ मधील क्रिकेट इतिहासामुळे बाळू यांचे कार्य नव्या वाचकांपुढे आले.