गोचिडीचा माग काढणारे थिओबाल्ड स्मिथ

परभणी जिल्ह्यात गाय-बैल सांभाळणाऱ्या कोणालाही गोचीड ताप नवा नाही. पावसाळा लागला की कानात, मानेखाली, कासेभोवती गोचिडी दिसू लागतात. मग एखादी गाय चारा सोडते, अंग तापते, कधी लघवी लालसर काळी होते, दूध आटते. उपचाराला उशीर झाला तर दावणीची दुभती गाय हातची जाते. या तापामागे गोचीड असते, हे आज गावातले शाळकरी पोरही सांगेल. पण १८८० च्या दशकात ही गोष्ट शास्त्राला मान्य नव्हती. ती प्रयोगाने सिद्ध केली थिओबाल्ड स्मिथ या अमेरिकन डॉक्टरांनी.

स्मिथ यांचा जन्म ३१ जुलै १८५९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील अल्बनी येथे झाला. आई-वडील जर्मनीहून आलेले, वडील शिंपीकाम करणारे. घरात जर्मन बोलली जाई. मुलगा हुशार होता आणि ऑर्गन उत्तम वाजवत असे. कॉर्नेल विद्यापीठात शिकताना ही कला त्यांच्या खर्चालाही उपयोगी पडली. १८८३ मध्ये ते डॉक्टर झाले, पण दवाखाना थाटला नाही. त्या काळी रॉबर्ट कॉख जर्मनीत जंतुशास्त्राचा पाया घालत होते. त्यांचे लेखन मूळ जर्मनमधून वाचता येणे हे स्मिथ यांचे मोठे भांडवल ठरले. १८८४ मध्ये ते वॉशिंग्टनला सरकारी पशुरोग विभागात रुजू झाले.

तेव्हा अमेरिकेत 'टेक्सास ताप' थैमान घालत होता. दक्षिणेकडील गुरांचे कळप उत्तरेकडे हाकत नेले जात. ही गुरे धडधाकट दिसत. पण ज्या कुरणातून ती जात, तिथली उत्तरेची गुरे महिनाभराने तापाने पटापट मरत. रोग आणणारा ठणठणीत आणि मरणारा दुसराच, असे हे कोडे होते. गोचिडी हेच कारण, असे गुराखी आणि पशुपालक सांगत. तज्ज्ञ मात्र ते हसण्यावारी नेत. स्मिथ यांनी अनुभवी लोकांचे हे म्हणणे तपासून पाहायचे ठरवले.

१८८९ च्या उन्हाळ्यात स्मिथ आणि त्यांचे सहकारी पशुवैद्य किलबोर्न यांनी कुंपण घालून वेगवेगळी शेते तयार केली. एका शेतात गोचिडी असलेली दक्षिणेची गुरे आणि उत्तरेची गुरे एकत्र ठेवली. दुसऱ्या शेतातही तशीच गुरे होती, पण दक्षिणेच्या गुरांच्या अंगावरच्या गोचिडी हातांनी वेचून काढल्या होत्या. तिसऱ्या शेतात दक्षिणेचे एकही जनावर नव्हते. गवतावर नुसत्या गोचिडी टाकल्या होत्या. पहिल्या आणि तिसऱ्या शेतातली उत्तरेची गुरे आजारी पडली, दुसऱ्या शेतातली चांगली राहिली.

तरी एक प्रश्न उरला. ही गोचीड आयुष्यभर एकाच जनावरावर राहते आणि रक्त पिऊन झाले की अंडी घालायला जमिनीवर पडून मरते. मग रोग दुसऱ्या जनावराकडे जातो कसा? १८९० मध्ये स्मिथ यांनी प्रयोगशाळेत अंडी उबवून निघालेली, कधीच रक्त न प्यालेली पिल्ले निरोगी गाईवर सोडली. गाय आजारी पडली. म्हणजे रोगाचा परजीवी आईकडून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात उतरत होता. हा परजीवी तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो, म्हणून लघवी लाल होते. आज त्याला बबेसिया म्हणतात. मधला महिनाभराचा काळ अंडी घालणे, ती उबणे आणि पिल्ले गुरांवर चढणे यात जात होता.

हे संशोधन १८९३ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्त पिणारा जीव रोगाचा परजीवी एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतो, याचा तो पहिला भक्कम प्रायोगिक पुरावा मानला जातो. चारच वर्षांनी, १८९७ मध्ये, रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. परभणी जिल्हा तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होता.

स्मिथ १८९५ मध्ये बोस्टनला गेले आणि हार्वर्डमध्ये शिकवू लागले. गुरांचा आणि माणसांचा क्षयजंतू वेगळा असतो, हे त्यांनी दाखवले. घटसर्पावरील औषध तपासताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. घोड्याच्या रक्तद्रवाचे पहिले इंजेक्शन सहज सोसणारे गिनीपिग काही आठवड्यांनी दुसरे दिल्यावर तडकाफडकी मरत. शरीर परक्या प्रथिनाची आठवण ठेवते आणि पुढच्या भेटीत त्यावर तुटून पडते. आज ही तीव्र ॲलर्जी प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे.

१९१५ पासून स्मिथ प्रिन्स्टन येथे रॉकफेलर संस्थेच्या पशुरोग विभागाचे प्रमुख होते. १९३३ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. नोबेल मात्र मिळाले नाही. १० डिसेंबर १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या पुस्तकात परजीवी आणि यजमान यांच्यातील समतोलाचा विचार आहे. यजमानाला लगेच मारणारा परजीवी स्वतःचेच घर मोडतो, असे त्याचे सार सांगता येईल. सगळेच परजीवी काळाबरोबर सौम्य होतात असे नाही, हे पुढे कळले. पण यजमानाच्या प्रतिकाराशी जुळवून घेण्याचा त्यांचा मुद्दा टिकला.

गोचीड हे त्याचे उत्तम उदाहरण. डास चावून उडून जातो. आपल्या गुरांवरची सर्वांत सामान्य गोचीड मात्र सुमारे ३ आठवडे त्याच कातडीत तोंड खुपसून बसते. एवढ्या काळात शरीराने तिला झटकायला हवे. पण तिची लाळ तसे होऊ देत नाही. लाळेतील काही प्रथिने रक्त गोठू देत नाहीत. काही हिस्टामिन पकडून ठेवतात, त्यामुळे खाज आणि सूज कमी येते. काही प्रथिने पांढऱ्या पेशींना बोलावणारे रासायनिक निरोप मध्येच अडवतात, तर काही टी पेशींना जागेच होऊ देत नाहीत. पहारा असा ढिला झाला की लाळेबरोबर आलेल्या जंतूंचेही फावते.

स्मिथ यांच्याच प्रिन्स्टनच्या विभागात काम करणाऱ्या विल्यम ट्रेगर यांनी १९३९ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. एकदा गोचिडी चावलेल्या गिनीपिगवर पुन्हा गोचिडी सोडल्या, तर त्यांना नीट रक्त पिता येईना. शरीर लाळ ओळखायला शिकले होते. २०२१ मध्ये येल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी लाळेतील १९ प्रथिनांवर आधारित लस गिनीपिगना दिली. गोचीड चावताच जागा लाल झाली आणि गोचिडी लवकर गळून पडल्या. माणसांसाठी अशी लस अजून बाजारात नाही. वशिंडाची देशी गुरे गोचिडींना विदेशी रक्ताच्या संकरित गाईंपेक्षा चांगला प्रतिकार करतात, त्यामागेही हीच शिकलेली ओळख मोठ्या प्रमाणात असते. म्हणून संकरित गाईच्या गोठ्यात जास्त दक्षता हवी.

स्मिथ यांचा धडा गोठ्यात आजही लागू आहे. एक मादी २ ते ३ हजार अंडी घालते आणि ती भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली दडतात. त्यामुळे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जनावरावर औषध लावताना गोठ्याचीही स्वच्छता हवी. गोचीड बोटांनी चिरडू नये. गुजरातमध्ये २०११ मध्ये आढळलेला काँगो ताप अशा संपर्कातूनही होतो, आणि सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडताप आहे. माणसाच्या अंगावर गोचीड चिकटली, तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. रॉकेल किंवा चटका देऊ नये. पुढच्या २-३ आठवड्यांत ताप आला, तर गोचीड चावल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ती चावताना दुखत नाही, म्हणून ही माहिती बहुतेक वेळा सांगायची राहून जाते.