नाना फडणवीस

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस (जन्म : सातारा, १२ फेब्रुवारी १७४२, निधन : पुणे, १३ मार्च १८००) हे उत्तर पेशवाईतील मुत्सद्दी व कारभारी होते. खात्रीची बातमी मिळवणे आणि ती गुप्त राखणे हा त्यांच्या राजकारणाचा पाया होता.

पूर्वायुष्य

भानू घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. पेशव्यांची फडणिशी या घराण्याकडे होती. नाना आई व पत्नीसह तीर्थयात्रेच्या हेतूने सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर उत्तरेत गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झालेल्या पराभवातून ते वाचले. आईचा मात्र ठाव लागला नाही. या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना सावकारी सांकेतिक पत्रातून कळली. त्यात भाऊसाहेब व विश्वासराव यांच्यासाठी मोती, सरदारांसाठी मोहरा आणि सामान्य सैनिकांसाठी खुर्दा असे शब्द योजले होते. पानिपतापर्यंतचा वृत्तान्त नानांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिला आहे.

बारभाईंचे कारस्थान

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या आज्ञापत्रात ‘धरावे’ या शब्दाचा ‘मारावे’ केला गेला, अशी परंपरागत समजूत आहे. ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. नाना, सखारामबापू बोकील आदी कारभाऱ्यांनी रघुनाथरावांविरुद्ध एकजूट केली व १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावे कारभार चालवला.

बातमी व पत्रव्यवहार

दिल्लीत हिंगणे, हैदराबादेत गोविंदराव काळे असे वकील दरबारांतील घडामोडी नानांना कळवत. जासूद व कासीद पत्रे पोचवत. पत्रव्यवहार मुख्यतः मोडी लिपीत होई. परंतु मोडी ही गुप्त लिपी नव्हती, ती जलद लेखनाची लिपी होती आणि कोणत्याही कारकुनाला वाचता येई. त्यामुळे पत्राची सुरक्षितता लखोट्यावरील मुद्रा, नेणाऱ्याचा विश्वासूपणा आणि मजकुरातील संकेत यांवर अवलंबून असे.

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून निघालेली इंग्रज फौज बोरघाट चढून आली, तेव्हा मराठे तयारीत होते. वाटेवरील दाणावैरण नष्ट केल्याने फौजेची कोंडी झाली आणि जानेवारी १७७९ मध्ये तिला वडगाव येथे करार करावा लागला. पुढील वर्षी नानांनी निजाम, हैदरअली व नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने हे युद्ध संपले.

अखेरचा काळ

१७९५ मध्ये खर्ड्याच्या विजयानंतर काही महिन्यांतच सवाई माधवराव मरण पावले. पुढील सत्तास्पर्धेत, १७९७ च्या अखेरीस, दौलतराव शिंद्यांच्या सेवेतील मायकेल फिलोज याच्या अभयवचनावर विसंबून नाना भेटीस गेले आणि कैद झाले. अहमदनगरच्या किल्ल्यातून १७९८ मध्ये त्यांची सुटका झाली.

मूल्यमापन

नानांची बातमीव्यवस्था कार्यक्षम होती. पण तिची सूत्रे त्यांच्याच हाती एकवटलेली होती. त्यांच्यानंतर ती सांभाळणारा समर्थ वारस उरला नाही. १८०२ अखेर दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह करून इंग्रजांचे संरक्षण स्वीकारले.

वारसा

बुधवार पेठेतील बेलबाग हे लक्ष्मीनारायणाचे मंदिर नानांनी उभारले. शनिवारवाड्याजवळचा नानावाडा, वाईजवळील मेणवलीचा वाडा व तेथील घाट ही त्यांची अन्य स्मारके होत. मेणवली दप्तर हे मराठ्यांच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानले जाते.