रेव्ह. नारायण वामन टिळक आणि नाताळचे गायन

नाताळ जवळ आला की आमच्या गावोगावच्या मंडळ्यांत टाळमृदंग बाहेर निघतात, आणि लहानथोर मिळून बाळ प्रभूचे गुण गातात. देशी चालींच्या या सामुदायिक गायनाची गोडी ज्यांनी विशेषेकरून लाविली, ते रेव्ह. नारायण वामन टिळक 1861 साली कोकणात करजगाव येथे जन्मले. आम्हां सेलूकरांस जवळच्या अशा नागपुरात ते राहत असता, राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका अपरिचित गोऱ्या प्रवाशाने त्यांस नवा करार दिला. 1895 साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर तुटले; पत्नी लक्ष्मीबाई चार वर्षांहून अधिक काळ दूर राहिल्या. ही किंमत लहान नव्हे.

तोवर उपासनेत परक्या चालींची भाषांतरित गीते पुष्कळ असत. खेडुताची जीभ त्यांत अडखळे. टिळकांनी अभंग, ओवी व कीर्तन ही संतांची साधने हाती घेतली. (अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांनी ही वाट आधीच धरिली होती, हेही सांगितले पाहिजे.) टिळकांची शंभरांहून अधिक गीते ‘उपासना संगीता’त आहेत. प्रभूचे ओवीबद्ध चरित्र ‘ख्रिस्तायन’ मात्र थोडेच अध्याय होऊन राहिले. 9 मे 1919 रोजी ते मुंबईत निवर्तले. ज्या लक्ष्मीबाई एकदा दुरावल्या होत्या, त्यांनीच पुढील बहुतेक अध्याय रचिले.