टाकळघाटचा ओढा आणि रेव्हरंड हिस्लॉप

हिंगणा तालुक्यांत टाकळघाट नांवाचा गांव आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना तो ठाऊक असेल. कोणाचें तेथें आजोळ असेल, कोणी बुटीबोरीस जातां-येतां तो पाहिला असेल. परंतु ज्यांच्या नांवानें नागपुरांतील हिस्लॉप कॉलेज ओळखलें जातें, त्यांचा अंत याच गांवाहून परततांना एका ओढ्यांत झाला, ही गोष्ट फारच थोड्यांस माहीत आहे. आपल्या मुलांना दूरदेशींच्या राजांच्या सनावळ्या पाठ येतात आणि घराशेजारची हकीकत ठाऊक नसते. याचा दोष मुलांपेक्षां आम्हां शिकविणारांकडेच अधिक येतो. म्हणून यंदा रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचें चरित्र थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यांचा जन्म ता. 8 सप्टेंबर 1817 रोजीं स्कॉटलंडमधील बेरिकशायर परगण्यांत डन्स या लहानशा गांवीं झाला. इंग्लंडची सरहद्द तेथून जवळच. वडील गवंडीकाम करीत. ज्या घरचें पोट दगडावर चालत होतें, त्या घरचा मुलगा पुढें दगड वाचणारा निघावा, हा योग आम्हांस मौजेचा वाटतो. लहानपणीं वडील बंधु रॉबर्ट यांच्याबरोबर रानोमाळ हिंडावें, किडे व फुलपांखरें गोळा करावीं, हा त्यांचा छंद होता. त्या काळीं स्कॉटलंडांत खेड्यापाड्यांतूनहि चर्चच्या शाळा असत, आणि गवंड्याच्या मुलासहि विद्यापीठाची वाट मोकळी असे. हिस्लॉप यांनीं एडिंबरो व ग्लासगो येथें अध्ययन केलें. पुढें 1843 सालीं, मंडळीवर पाळक नेमण्याचा हक्क जमीनदारांचा कीं मंडळीचा, या वादावरून तेथील चर्चमध्यें मोठी फूट पडली. चारशेंहून अधिक पाळक घरदार व वेतन सोडून बाहेर पडले व त्यांनीं फ्री चर्च स्थापिलें. तरुण हिस्लॉप यांनीं याच मंडळीचें काम पत्करिलें.

सर विल्यम हिल या लष्करी अधिकाऱ्याच्या देणगीमुळें नागपुरास मिशन काढण्याचें ठरलें, आणि त्याकरितां हिस्लॉप यांची निवड झाली. 1844 च्या डिसेंबरांत ते मुंबईस उतरले व 1845 सालीं नागपुरास पोहोंचले. आगगाडी नागपुरास आली ती 1867 सालीं. म्हणजे ती त्यांच्या दृष्टीस कधीं पडलीच नाहीं. त्या वेळीं नागपुरास तिसरे रघूजी भोसले यांचें राज्य होतें, सीताबर्डीस रेसिडेन्सी व कामठीस इंग्रजी फौज होती. हिस्लॉप यांनीं मराठीचा अभ्यास केला आणि 1846 सालीं शहरांत शाळा घातली. मुलें बाटतील या भयानें आईबाप बिचकत. तें भय अगदींच निराधार होतें असें आम्हीं म्हणणार नाहीं, कारण मिशनऱ्यांचा हेतु कोणापासून लपविलेला नव्हता. तरी विद्येची गोडी लागलीं तीं मुलें येत राहिलीं. पुढें 1883 सालीं उभें राहिलेलें कॉलेज हें त्या शाळेचेंच वाढलेलें रूप होय.

परंतु या पुरुषाचें आम्हांस सर्वांत अधिक कौतुक वाटतें तें त्यांच्या पायीं हिंडण्याचें. प्रवचनासाठीं गांवोगांव फिरतांना त्यांची नजर वाटेवरच्या दगडावर असे. 1851 सालीं नागपुराजवळच्या टाकळीस, आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह, त्यांना काळ्या दगडांच्या थरांमध्यें दडलेले गोड्या पाण्यांतील शंख सांपडले. मग बिया, फळें व किड्यांचे कठीण पंखहि मिळाले, तेहि दगड बनलेले! ज्वालामुखीचा रस एकदां वाहून थिजला, त्यावर तळीं सांचलीं, झाडें उगवलीं, गोगलगाई वाढल्या. मग पुन्हां रस आला व तें सर्व त्याखालीं गाडलें गेलें. या गोष्टीस सुमारें साडेसहा कोटी वर्षें झालीं असें आज शास्त्रज्ञ मानितात. कामठीच्या बाजूस सिलेवाड्याच्या खाणींतील वाळूच्या दगडांत त्याहूनहि कितीतरी जुन्या वनस्पतींचे ठसे आहेत. तेहि त्यांनीं जमविले. लंडनच्या भूगर्भशास्त्रमंडळाच्या पत्रांत या दोघांचे लेख आले, आणि हिरवट रंगाच्या एका खनिजास हिस्लॉपाइट, तर गोड्या पाण्यांतील एका सूक्ष्म प्राण्याच्या जातीस हिस्लॉपिया असें नांव पडलें. पावसाळ्यांत आमचीं मुलें ज्या डबक्यांवर दगड फेंकीत बसतात, तशाच पाण्यांतला हा प्राणी!

गोंड लोकांविषयीं त्यांस विशेष आस्था होती. गोंडांचा देवपुरुष लिंगो याची दीर्घ गीतकथा परधान लोक गात असत. हिस्लॉप यांनीं एका परधानाच्या मुखांतून ती उतरून घेतली. लिहिणाराचें नांव जगांत राहिलें. गाणाराचें नांव मात्र लोक विसरले, याची आम्हांस खंत वाटते.

1854 सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. नव्या अंमलाचे दोष दाखवितांना हिस्लॉप यांनीं आपल्या देशबांधवांची भीड ठेविली नाहीं. 1857 च्या जूनमध्यें नागपुरास उठाव व्हावयाचा होता. त्याची सूचना एका मुसलमान स्नेह्यानें त्यांना दिली व त्यांनीं ती अधिकाऱ्यांस कळविली, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें आहे. या प्रसंगाकडे आपण आज निराळ्या दृष्टीनें पाहतों, व तें योग्यच आहे. चरित्रांतून तो गाळणें मात्र आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं.

1861 सालीं मध्यप्रांत निर्माण झाला आणि पुढल्या वर्षीं सर रिचर्ड टेंपल तेथील कारभार पाहूं लागले. त्यांचा हिस्लॉप यांच्यावर मोठा लोभ जडला. 1863 च्या सप्टेंबरांत टेंपलसाहेबांचा मुक्काम बोरीस होता. टाकळघाटच्या शिवारांत मोठमोठे दगड गोल मांडून केलेलीं वर्तुळें आहेत, तीं पाहण्यास ता. 4 रोजीं सर्व मंडळी गेली. काम आटोपल्यावर इतर लोक परत फिरले. हिस्लॉप मागें थांबले, तेथील शाळेंतील मुलांची परीक्षा घेण्याकरितां. मग संध्याकाळीं ते एकटेच घोड्यावरून निघाले. सकाळीं सहज ओलांडलेला ओढा वरच्या बाजूच्या पावसानें फुगला होता. आपल्याकडील काळ्या मातींतले ओढे कसे असतात, हें गांवकऱ्यांना सांगावयास नको. डोक्यावर थेंबहि नसतांना घटकाभरांत पाणी छातीला लागतें. बोरीच्या तळावर घोडा आला, स्वार आला नाहीं. शोधाशोध झाली आणि त्यांचें प्रेत पाण्यांत मिळालें. शेहेचाळीसावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर होता. नागपुरास त्यांचें दफन झालें.

गोंडांविषयींचे त्यांचे कागद अपुरेच राहिले होते. टेंपल यांनीं ते जुळवून 1866 सालीं ग्रंथरूपानें छापिले. लिंगोची कथा मूळ गोंडी शब्दांसह त्यांत आहे.

आणि तीं दगडांचीं वर्तुळें? त्यांचा उलगडा होण्यास पुढें शंभर वर्षें लागलीं. 1960 नंतरच्या दशकांत नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनीं टाकळघाट व शेजारचें खापा येथें उत्खनन केलें. खाप्यास दगडांच्या वर्तुळांखालीं पुरलेले मृतांचे अवशेष निघाले, लोखंडाचीं हत्यारें निघालीं, मडकीं निघालीं; आणि टाकळघाटास त्याच लोकांची राहती वस्ती उघडी पडली. इसवी सनापूर्वीं कित्येक शतकें येथें लोखंड वापरणारे लोक नांदत होते. हिस्लॉप यांनीं त्या दिवशीं जी भूमि न्याहाळली, तिच्या पोटांत हें सर्व होतें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी टाकळघाटास गेल्यास त्यानें तीं शिवारें अवश्य पाहावीं. मात्र तेथील दगड हलवूं नये, आणि आभाळ आलें असेल तर ओढा उतरण्यापूर्वीं कोणातरी गांवकऱ्यास विचारावें.